धनुष्याकृती वीणा आणि तिच्या सुरांचे स्थलांतर

भंडारा शहराच्या पश्चिमेस, नागपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर वसलेले शहापूर हे गाव आज जवाहरनगरच्या आयुध निर्माणीचे शेजारी म्हणून ओळखले जाते. संगीताच्या इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर मात्र ते एका फार जुन्या मुलखाच्या मधोमध पडते. त्याच्या दक्षिणेस वैनगंगेकाठी पवनीचे प्राचीन बौद्ध अवशेष आहेत, वायव्येस रामटेकच्या पायथ्याशी वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे आजचे नगरधन, आहे आणि उत्तरेस, जिकडून वैनगंगा उतरून येते त्या सिवनी-बालाघाटच्या डोंगरांपलीकडे, मंडल्याचा गोंड प्रदेश आहे. या तीन दिशांना जोडणारा एक धागा आजवर फारसा कोणी हाती घेतलेला नाही आणि तो धागा म्हणजे वीणा या शब्दाचा मूळ अर्थ. आज वीणा म्हटले की कोणाच्या डोळ्यांसमोर सरस्वतीच्या मांडीवरची दोन भोपळ्यांची वीणा येते, तर कोणाच्या डोळ्यांसमोर वारकऱ्याच्या गळ्यातली. परंतु ज्या काळी पवनीचा स्तूप बांधला गेला त्या काळी हा शब्द प्रामुख्याने ज्या वाद्यासाठी वापरला जाई, ते वाद्य आकाराने आणि वादनाच्या रीतीने ज्याला आज हार्प म्हणतात त्याच कुळातले होते.

या वाद्याची रचना समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास उलगडत नाही. होडीच्या आकाराचे पोकळ लाकडी पात्र, त्यावर ताणून बसवलेले कातडे, पात्राच्या एका टोकातून धनुष्यासारखी वर वळत गेलेली दांडी आणि त्या दांडीपासून कातड्यावरच्या पट्टीपर्यंत तिरप्या उतरणाऱ्या तारा, असे त्याचे स्वरूप होते, म्हणून अभ्यासक त्याला धनुष्याकृती वीणा म्हणतात. ब्रह्मदेशातील ‘सौंग’ हे वाद्य याच घडणीचे असून ते अजून वाजते, त्यामुळे प्राचीन शिल्पातील आकृती जिवंत वाद्याशी ताडून पाहता येते. सतारीवर किंवा रुद्रवीणेवर एकाच तारेवर बोट निरनिराळ्या जागी दाबून अनेक स्वर काढतात. धनुष्याकृती वीणेवर तार दाबण्याचा प्रश्नच नसतो, कारण तारेखाली पट्टी किंवा पडदा नसतो. प्रत्येक तार मोकळी वाजते आणि एका तारेतून एकच स्वर निघतो. म्हणजेच जितक्या तारा तितकेच स्वर आणि वादकाचे सारे कौशल्य कोणती तार केव्हा छेडायची व केव्हा थोपवायची यात सामावलेले.

भरताच्या नाट्यशास्त्रात ज्या दोन मुख्य वीणा सांगितल्या आहेत, त्यांपैकी चित्रा ही सात तारांची असून बोटांनी वाजवायची, तर विपंची ही नऊ तारांची असून कोणाने, म्हणजे हातात धरायच्या छोट्या नखीसारख्या साधनाने, वाजवायची होती. सात तारा आणि सात स्वर यांचा हा मेळ योगायोगाचा नाही. मूर्च्छना ही जी संकल्पना पुढील सर्व संगीतग्रंथांना आधारभूत ठरली, तिचा उगमच या वाद्यात शोधावा लागतो. सात स्वरांची मालिका तीच ठेवून आरंभाचा स्वर बदलत नेला, म्हणजे एकदा षड्जापासून, एकदा निषादापासून, एकदा धैवतापासून अशी मालिका घेतली, की प्रत्येक वेळी स्वरांमधील अंतरांचा क्रम वेगळा होतो आणि निराळा भाव उमटतो. या प्रत्येक क्रमाला मूर्च्छना म्हणतात. षड्जग्राम आणि मध्यमग्राम या दोन मूळ स्वरमालिकांच्या प्रत्येकी सात मिळून भरताने चौदा मूर्च्छना दिल्या आहेत. षड्ज कायमचा एका जागी रोवून बसणाऱ्या आजच्या गायकाला ही कल्पना काहीशी अवघड जाते, परंतु समोर सात मोकळ्या तारा असतील तर ती हाताला आपोआप कळते, कारण तेथे आरंभ बदलणे म्हणजे शेजारच्या तारेपासून सुरुवात करणे, इतकेच असते.

बौद्ध वाङ्मयात ही वीणा वारंवार भेटते. सोण नावाच्या भिक्षूला, तो पूर्वी वीणावादक असल्यामुळे, तार फार ताणली किंवा फार सैल सोडली तर ती सुरात वाजत नाही, हे उदाहरण देऊन बुद्धाने साधनेतील समतोल समजावल्याची कथा प्रसिद्ध आहे. गुत्तिल जातकात काशीचा वृद्ध वादक गुत्तिल आणि उज्जैनीहून आलेला त्याचा शिष्य मूसिल यांची स्पर्धा होते, तीत गुत्तिल एकामागून एक तार तोडत जातो आणि तरीही वादन थांबत नाही. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी तिची कल्पना सुचण्यासाठी प्रत्येक तारेला स्वतंत्र स्वर असणारे वाद्यच कथाकाराच्या नजरेसमोर असले पाहिजे. एका तारेवर सारे स्वर वाजवणाऱ्या वाद्यावर तारा तोडण्याच्या या चढत्या क्रमाला काही अर्थ उरत नाही.

महाराष्ट्रात या वाद्याचे सर्वांत बोलके दर्शन पुणे जिल्ह्यातील भाजे येथे घडते. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांतील या लेण्यांपैकी विहाराच्या ओसरीत, हत्तीवर आरूढ झालेल्या आणि इंद्र मानल्या जाणाऱ्या भव्य आकृतीच्या खालच्या भागात, आसनावर बसलेल्या राजासमोर एक स्त्री धनुष्याकृती वीणा वाजवत आहे आणि दुसरी नाचत आहे. शिल्प लहान आहे, पण वाद्याची वळणदार मान आणि वादिकेचा हात यांबद्दल शंका राहत नाही. खुद्द पवनीत १९६९-७० साली शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या नेतृत्वाखाली, नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांच्या संयुक्त विद्यमाने उत्खनन झाले, तेव्हा स्तूपाच्या कठड्याचे कोरीव स्तंभ आणि दात्यांची नावे असलेले लेख हाती आले. भाज्याचा विहार आणि पवनीचा स्तूप हे एकाच सांस्कृतिक जगाचे दोन कोपरे होते. सांची, भारहूत, अमरावती अशा त्या जगातील इतर ठिकाणीही वीणा कोरली गेली ती याच रूपात.

पाच शतकांनंतर हीच वीणा नाण्यावर आली. गुप्त सम्राट समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यांचा एक प्रकार असा आहे, की त्यावर राजा शस्त्राविना, उंच पाठीच्या आसनावर निवांत बसून मांडीवरची धनुष्याकृती वीणा वाजवताना दाखवला आहे आणि अलाहाबादच्या स्तंभावरील प्रशस्तीत संगीतातील त्याच्या नैपुण्यापुढे तुंबुरू आणि नारद यांनाही लाजवण्याची भाषा आहे. या समुद्रगुप्ताची नात प्रभावतीगुप्ता ही वाकाटक राजा रुद्रसेन दुसरा याची राणी होऊन विदर्भात आली, अकाली वैधव्य आल्यावर अल्पवयीन मुलाच्या वतीने तिने राज्य चालवले आणि तिचा पुणे ताम्रपट नंदिवर्धनाहूनच दिला गेला. नगरधनच्या अलीकडील उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्राही सापडली आहे. आजोबांच्या वीणेची ख्याती नातीने लहानपणी ऐकली असणार, असे मानण्यास हरकत नाही, आणि सासर-माहेरच्या या नात्यामुळे पाटलिपुत्राच्या दरबारी संगीताचा वारा वैनगंगेच्या खोऱ्यापर्यंत पोहोचला असेल, ही शक्यता दुर्लक्षिण्याजोगी नाही.

याच परिसराशी कालिदासाच्या मेघदूताचेही नाव जोडले जाते. यक्षाचे वनवासस्थान असलेला रामगिरी म्हणजे रामटेक, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. छत्तीसगडातील रामगढचा दावा करणारेही अभ्यासक आहेत. उत्तरमेघात विरहिणी यक्षपत्नी मांडीवर वीणा घेऊन पतीचे नाव गुंफलेले गीत गाऊ पाहते, डोळ्यांतील पाण्याने भिजलेली तार कशीबशी पुसते आणि स्वतःच रचलेली मूर्च्छना पुन्हा पुन्हा विसरते. टीकाकारांनी या विसरण्यात विरहाची खूण पाहिली, ती योग्यच आहे. परंतु त्या काळची वीणा म्हणजे मोकळ्या तारांची वीणा असे धरले, तर या चित्राला आणखी एक अर्थ प्राप्त होतो. तेथे मूर्च्छना विसरणे म्हणजे कोणत्या तारेपासून निघायचे याचाच विसर पडणे होय. सातही तारा लावलेल्या आहेत, स्वर जागच्या जागी आहेत, आणि हात मात्र पहिल्या तारेपाशी अडखळतो. वाद्याच्या रचनेशी इतके घट्ट जोडलेले दुःखाचे वर्णन संस्कृत काव्यात क्वचितच आढळते.

गुप्तकाळ संपता संपता हे वाद्य मागे पडू लागले. ग्वाल्हेरजवळच्या पवाया येथील गुप्तकालीन तुळईवर नर्तकीभोवती बसलेल्या स्त्रियांमध्ये एकीच्या हाती धनुष्याकृती वीणा आहे, तर दुसरीच्या हाती दाबून वाजवायचे, मान असलेले तंतुवाद्य आहे. दोन युगे एकाच दगडावर शेजारी बसावीत असे ते दृश्य आहे. त्यानंतर वेरूळच्या शिल्पांत सप्तमातृकांसोबत दिसणाऱ्या शिवाच्या हाती सरळ दांडीची वीणा आली आणि सातव्या-आठव्या शतकांनंतर धनुष्याकृती वीणा उत्तर भारताच्या व दख्खनच्या शिल्पांतून जवळजवळ दिसेनाशी झाली. दक्षिणेत याच कुळातील ‘याळ’ हे वाद्य तमिळ संगीताचे मुख्य वाद्य होते, तेही पुढे लोपले आणि स्वामी विपुलानंदांना १९४७ साली त्यावर ‘याळ नूल’ हा ग्रंथ लिहिताना जुन्या काव्यांतील उल्लेखांवरून त्याची मांडणी करावी लागली.

लोपाचे एक कारण वाद्याच्या अंगातच होते. धनुष्यासारखी दांडी ही तारांच्या ताणाने वाकते, त्यामुळे एक तार चढवली की इतर तारा किंचित उतरतात, आणि दांडीला समोरून टेका नसल्यामुळे तारा फार ताणताही येत नाहीत. परंतु खरे कारण संगीताच्या बदलत्या रुचीत होते. एका स्वरावरून दुसऱ्या स्वराकडे घसरत जाण्याची मींड आणि स्वराला आंदोलन देणारे गमक या गोष्टी मोकळ्या तारेवर साधत नाहीत. त्यांच्यासाठी तार दाबावी, ओढावी, घासावी लागते. रागसंगीताने गळ्याच्या या हालचाली वाद्याकडे मागितल्या, तेव्हा एका तारेची दांडीची वीणा सात तारांच्या वीणेपेक्षा अधिक समर्थ ठरली. त्या बदल्यात एक गोष्ट गमावली गेली. मोकळी तार छेडल्यावर तिचा नाद विरेपर्यंत मागे रेंगाळतो, त्याला मराठी संगीतकार आस म्हणतात. धनुष्याकृती वीणेवर प्रत्येक स्वराची आस पुढच्या स्वराखाली चालू राहते आणि सुरांची एक झिलई तयार होते. एकाच तारेवर वाजणाऱ्या सुरावटीत मात्र नवा स्वर येताच जुना संपतो.

मोकळ्या तारांकडून दांडीच्या वीणेकडे झालेल्या या स्थलांतराचा सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार महाराष्ट्राच्याच भूमीवर होऊन गेला. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे आणि त्याचा आजा भास्कर हा दक्षिणेत आलेला. शार्ङ्गदेवाच्या वाद्याध्यायात एकतंत्री, आलापिनी, किन्नरी अशा दांडीच्या वीणांना प्रतिष्ठा आहे, पण चित्रा, विपंची आणि एकवीस तारांची मत्तकोकिला यांनाही जागा आहे. विशेष म्हणजे सप्तकातील बावीस श्रुती, म्हणजे कानाला वेगळी ओळखता येणारी सूक्ष्म स्वरस्थाने, सिद्ध करताना त्याने बावीस तारांच्या दोन वीणा घ्यायला सांगितल्या. एकीच्या तारा स्थिर ठेवायच्या, दुसरीच्या क्रमाने उतरवत न्यायच्या आणि दोन्हींतला फरक कानाने मोजायचा. प्रत्येक श्रुतीला स्वतंत्र मोकळी तार, ही कल्पना दांडीच्या वीणेतून निघूच शकत नाही. वाद्य मंचावरून गेले होते, पण शास्त्र सिद्ध करायची वेळ आली तेव्हा त्याचीच रचना हाताशी घ्यावी लागली.

पंधराव्या शतकातील टीकाकार कल्लिनाथाने मत्तकोकिलेलाच लोक स्वरमंडल म्हणतात असे सांगितले आहे. ‘ऐन-ए-अकबरी’ने स्वरमंडलाचे वर्णन कानूनसारखे, एकवीस तारांचे, काही तारा पोलादाच्या, काही पितळेच्या तर काही तातीच्या, असे केले असून अकबराच्या दरबारातील ग्वाल्हेरच्या बीरमंडल खान या स्वरमंडलवादकाची नोंदही केली आहे. स्वरमंडल हे धनुष्याकृती नाही, ते सपाट पेटीवर ताणलेल्या तारांचे वाद्य आहे. परंतु मोकळ्या तारा, एका तारेला एक स्वर आणि मागे राहणारी आस, हे तीनही गुण त्यात टिकून राहिले. किशोरी आमोणकरांनी मांडीवर घेतलेल्या स्वरमंडलावर रागाचे स्वर मिळवून त्या नादाच्या पडद्यावर आलाप मांडला, तेव्हा श्रोत्यांच्या कानी पडत होते ते या जुन्या गुणांचेच रूप. सतारीला आणि सारंगीला मुख्य तारेखाली ज्या तरफा जोडल्या गेल्या, म्हणजे स्वतः न छेडता मुख्य स्वराने आपोआप निनादणाऱ्या बारीक तारा, त्यांनीही हेच केले. मींडेच्या मागे गमावलेली आस त्यांनी परत मिळवली.

वाद्य गेले आणि त्याचे सूर दुसऱ्या छेडून वाजवायच्या वाद्यांवर गेले, या घटनेचा सर्वांत तपशीलवार नोंदलेला दाखला युरोपच्या पश्चिम टोकाला, आयर्लंडमध्ये, मिळतो. आयरिश हार्प त्रिकोणी असतो. त्याला समोरून भक्कम खांब असल्याने ताण सोसता येतो आणि म्हणूनच त्याला धातूच्या, बहुधा पितळेच्या तारा लावत. जुन्या रीतीत वाद्य डाव्या खांद्याला टेकवून डाव्या हाताने वरचे आणि उजव्या हाताने खर्जाचे स्वर, वाढवलेल्या नखांनी छेडत. पितळेच्या भांड्यांसाठी ख्यातकीर्त असलेल्या भंडारा जिल्ह्यात या धातूचा नाद कसा लांबवर घुमतो हे कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. याच कारणाने आयरिश वादकाला एक तार छेडताना आधीची तार बोटाने थोपवावी लागे, नाहीतर सुरांचा कल्लोळ होई.

गेलिक सरदारांच्या आश्रयाने जगणारी ही परंपरा सतराव्या शतकात त्या सरदारांची सत्ता मोडल्यावर घराघरांतून फिरत्या वादकांच्या हाती आली. टर्लो ओ’कॅरोलन (१६७०–१७३८) हा त्यांतला सर्वांत नामांकित. देवीच्या आजाराने तरुणपणीच दृष्टी गेली, तेव्हा आश्रयदात्या कुटुंबाने त्याला हार्पची तालीम, घोडा आणि वाटाड्या दिला आणि पुढे आयुष्यभर तो यजमानांच्या नावाने सुरावटी रचत हिंडला. त्याच्या दोनशेहून अधिक रचना उरल्या आहेत, पण बहुतेक फक्त एकेरी सुरावटीच्या रूपात. खर्जाचा हात काय वाजवीत होता ते कोणी लिहून ठेवले नाही. १७९२च्या जुलैत बेलफास्टमध्ये उरल्यासुरल्या हार्पवादकांचा मेळावा भरवण्यात आला, तेव्हा दहा आयरिश आणि एक वेल्श असे मिळून जेमतेम अकरा वादक जमले. त्यांतील डेनिस हेंप्सन हा नव्वदी ओलांडलेला वृद्धच काय तो नखांनी, जुन्या पद्धतीने वाजवणारा उरला होता. सुरावटी टिपून घेण्यासाठी नेमलेला एडवर्ड बंटिंग हा एकोणीस वर्षांचा ऑर्गनवादक होता. त्याने १७९६, १८०९ आणि १८४० साली त्यांचे संग्रह छापले, पण ते पियानोसाठी साथसंगत जोडून.

बंटिंगने टिपलेल्या गोष्टींत एक विलक्षण तपशील आहे. हे वादक तारा लावायला मधल्या दोन तारांपासून आरंभ करीत, त्या दोघी नेमक्या एकाच स्वरात मिळवीत आणि त्यांना ‘बहिणी’ म्हणत. बाकी सर्व तारा त्यांच्यावरून लागत. तंबोरा जुळवणाऱ्याला हे वाचताना नवल वाटेल, कारण तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारा एकाच षड्जात मिळवतात आणि त्यांना जोड म्हणतात.

विसाव्या शतकात या सुरावटी पियानोच्या बंदोबस्तातून सुटल्या. डोनल ओ’सलिव्हनने १९५८ साली कॅरोलनच्या रचनांची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली. १९६०च्या दशकात शॉन ओ रियाडाने त्या हार्पसिकॉर्डवर वाजवल्या, कारण तारा छेडून वाजणारे ते कळवाद्य त्याला पितळी तारांच्या हार्पला अधिक जवळचे वाटले. त्यानंतर गिटार, मँडोलिन आणि आयर्लंडमध्ये रुजलेला बुझुकी यांवर त्या पसरल्या. तीसेक तारांचा आवाका सहा तारांत बसवायचा, ही अडचण उघड होती, परंतु गिटारवादकांना खरे झगडावे लागले ते आसेसाठी. सुरावटीतले लागोपाठचे स्वर एकाच तारेवर दाबत गेले तर प्रत्येक नवा स्वर आधीच्याला गिळतो. म्हणून लागोपाठचे दोन स्वर मुद्दाम दोन वेगळ्या तारांवर घ्यायचे, शक्य तेथे एक मोकळी तार वापरायची आणि गिटारच्या तारा नेहमीच्या पद्धतीने न लावता सुट्या छेडल्या तरी परस्परांशी जुळतील अशा लावायच्या, अशी युक्ती रूढ झाली. त्यामुळे हाताला वाकड्यातिकड्या जागा घ्याव्या लागतात, पण डोळे मिटून ऐकले तर एक स्वर दुसऱ्यात वितळतो. खर्जाचा हरवलेला हात प्रत्येक वादकाने आपल्या समजुतीने भरला, म्हणून एकाच रचनेची दहा रूपे निर्माण झाली. मूळ वाद्याची परंपराही नव्याने उभी राहिली आणि २०१९ साली युनेस्कोने आयरिश हार्पवादनाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. आयर्लंडच्या नाण्यांवर आजही हार्प आहे. समुद्रगुप्ताच्या वीणेला नाण्यावर जी जागा मिळाली होती, ती तेथे एका राष्ट्राच्या चिन्हाला मिळाली.

भारतात बंटिंग झाला नाही, हे म्हणणे पूर्णतः खरे नाही, आणि येथे पुन्हा वैनगंगेच्या उगमाकडे वळावे लागते. गोंडांचे परंपरागत भाट असलेले परधान हे यजमान घरांतून वंशावळी आणि देवकथा गात फिरतात आणि त्यांचे मुख्य वाद्य ‘बाना’ हे गजाने वाजवायचे तंतुवाद्य आहे, ज्यात बडादेवाचा वास मानतात. मंडला भागातील काही परधानांकडे मात्र ‘बीन-बाजा’ नावाचा पाच तारांचा धनुष्याकृती हार्प होता, असे अमेरिकन संगीतशास्त्रज्ञ रॉडरिक नाइट यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात दाखवून दिले, तेव्हा भारतातून हे वाद्य हजार वर्षांपूर्वीच संपले असे समजणाऱ्या अभ्यासकांना धक्का बसला. बीन हा शब्द वीणेचाच अपभ्रंश आहे. भाज्याच्या ओसरीत राजासमोर बसलेले वाद्य सातपुड्याच्या जंगलात भाटाच्या हाती उरले, आणि त्याने आपले नावही सोडले नाही.

नागपुरात १८४५ साली आलेला स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप याने एका परधानाकडून गोंडांचा पुराणपुरुष लिंगो याची दीर्घ कथा उतरवून घेतली. १८६३ साली त्याला मृत्यू आला आणि त्याचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापले. त्या कथेत लिंगो स्वतः भोपळ्याचे तंतुवाद्य बनवतो आणि त्याच्या सुरांवर एक म्हातारा देहभान विसरून नाचतो. हिस्लॉपने गोंडी शब्द जपले, पण कथा कोणत्या सुरावटीत गायली जात होती ते नोंदले नाही. पुढे शामराव हिवाळे या मराठी तरुणाने व्हेरियर एल्विनसोबत मंडल्याच्या परिसरात आयुष्य घालवून १९४६ साली परधानांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. यजमानांकडे होणारी त्यांची फेरी आणि त्यांचा स्वाभिमान यांचे इतके आपुलकीचे चित्रण दुसरीकडे नाही, तरी त्यातही शब्दच आले. बंटिंगच्या बाबतीत नेमके उलटे झाले होते. त्याने सूर टिपले आणि गीतांचे शब्द मागे राहिले, म्हणून १८०२ साली पॅट्रिक लिंच या जाणकाराला शब्द गोळा करण्यासाठी आयर्लंडच्या पश्चिमेकडे पाठवावे लागले. एका प्रदेशाकडे शब्दांवाचून सुरावटी उरल्या आणि दुसऱ्याकडे सुरावटींवाचून शब्द, आणि यांतली दुसरी हानी अधिक मोठी मानली पाहिजे, कारण सूर हातात होते म्हणून गिटारवाल्याने हार्प नव्याने उभा केला, परंतु परधानांच्या जुन्या सुरावटी ऐकायला आता कोणतेही पान उघडता येत नाही. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या संगीतासाठी आज जे संग्रहाचे काम होते, त्यात गीताच्या ओळींइतकेच लक्ष तुणतुण्याच्या आणि किंगरीच्या सुरांकडे दिले गेले, तर ही उणीव थोडी तरी भरून निघेल.

वीणा हा शब्द मात्र विदर्भातल्या गावांतून कधी हलला नाही, फक्त तो तंबोऱ्याच्या जातीच्या वाद्यावर गेला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिरजेत शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये घडवायला घेतली, पंढरपूरच्या बाजूचे मोठे भोपळे तेथे येऊ लागले आणि मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. वारकऱ्यांची वीणा ही याच तंबोऱ्याच्या जातीची, आकाराने लहान, गळ्यात अडकवता येण्याजोगी. भंडारा जिल्ह्यातल्या गावी अखंड हरिनाम सप्ताह बसतो तेव्हा ती सात दिवस जमिनीवर टेकत नाही. पहाऱ्याची वेळ संपली की पुढचा वीणेकरी समोर येऊन वीणेला नमस्कार करतो, आधीचा तिचा पट्टा आपल्या मानेतून काढून त्याच्या मानेत घालतो आणि या अदलाबदलीतही एकाचे बोट तारांवरून निघण्याआधी दुसऱ्याचे बोट त्यांवर आलेले असते. चारही तारा मोकळ्या छेडल्या जातात, एकही दाबली जात नाही; मधल्या दोन एकाच सुरात, शेवटची खर्जाची पितळेची, आणि तिची आस विरायच्या आत पहिली पुन्हा वाजते.